बिनतारी महाराजांचा प्रिंटर

पातूरच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर हार घातलेला प्रिंटर, शेजारी बिनतारी महाराज. मेलेली माणसं या प्रिंटरमधून घरच्यांना निरोप धाडतात, ही ख्याती पार अकोल्यापर्यंत गेलेली.

"पाहा भाऊ, विजेशिवाय दुसरी वायर हाये काय?" महाराज म्हणाले. "देहाले भाकर, यंत्राले वीज. आत्म्याले वायर लागत नाई."

लोकांनी हात जोडले. माझं डोकं तापलं, कारण आज पाळी आमच्या शेजारच्या पार्वताबाईंची होती. नवरा खुशालराव गेल्यापासून शेवंतीच्या फुलांचं वावर, तेवढं शेतच त्यांचा आधार.

प्रिंटर घरघरला. शिष्यानं कागद वाचला, "प्रिय पार्वती, मी सुखात आहे. वावर मठाला देऊन टाक."

पार्वताबाईंनी कागद कपाळाला लावला आणि थबकल्या. "पन त्याइनं मले जन्मात नावानं हाक मारली नाई. अवो म्हनत, नाईतर हर्षाची माय."

"वर गेल्यावर मानूस सुधारते," महाराज म्हणाले. शिष्यानं दानपत्र पुढे सरकवलं.

"थांब माय, बाबाले पुन्हा इचारू," लेक हर्षा म्हणाली. ती अमरावतीला राजापेठेत कॉम्प्युटरचे क्लास घेते. तिनं मोबाइलवर भराभर बोटं चालवली. प्रिंटर पुन्हा घरघरला आणि कागद तिनंच वाचला, "अवो, वावर देजो नोको. महाराजाले सांग, वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहू नोको."

महाराजांचा चेहरा पडला.

"भजनं ऐकाले तुमी सगळ्याइनं मठाचं वायफाय घेतलं ना?" हर्षानं विचारलं. "प्रिंटरबी त्याच वायफायवर हाये. म्हणून कोनाच्याबी मोबाइलवरून त्याच्यावर छापता येते. बाहेर टेबलावर तुमी नाव अन् दुःख सांगता, तिथला दुसरा शिष्य ते मोबाइलवर टाइप करून इथं छापते."

गर्दीतल्या नत्थुजींना पटेना. हर्षानं त्यांच्याच मोबाइलमधला त्यांच्या बैलाचा फोटो प्रिंटरला धाडला. महाराजांच्या पुढ्यात बैल छापून आला.

"माहा बैल तं जित्ता हाये," नत्थुजी म्हणाले. "सकाळीच कडबा टाकून आलो."

मठ हसून लोळला. पार्वताबाई मात्र रडत होत्या. "म्हंजे त्याइचा निरोप नव्हताच?"

"नाई, माय."

त्यांनी डोळे पुसले आणि सही न करता दानपत्र परत दिलं. "जाता जाता वावर माह्या नावावर करून गेले. मले तोच निरोप पुरे."

चमत्कार दिसला तर जरूर पाहा. फक्त हात जोडण्याआधी, बटण कोण दाबून राहिलं, एवढं विचारा.