पाजणीच्या जागेचा खटला

हायकोर्टाच्या पायऱ्या उतरताना मैनाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. होणार नाही तर काय! बाई तांडापेठेपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत पायी आली, साडेतीन तास बाकावर बसली, आणि आत तिचं प्रकरण चाललं किती? पान थुंकून यायला लागतो तेवढा वेळ. तेही इंग्रजीत.

"काय म्हनले जी साहेब?" तिनं विश्वनाथ वकिलाला विचारलं.

"लवकर आलात म्हणाले. जागा घ्यायचा हुकूम अजून निघालेला नाही. नुसत्या भीतीवर कोर्ट प्रकरण ऐकत नाही."

"चुन्याच्या रेघा मारल्या, खुट्या ठोकल्या, अन् म्हने भीती! घर जळाल्यावर येऊ का मंग?"

वकिलानं कागद पिशवीत भरले. पोरगा भला होता, पण भलेपणानं कुठं कोर्ट हलतं!

चुन्याच्या रेघा पडल्या होत्या त्या कोष्ट्यांच्या मोकळ्या पटांगणावर. अकरा घरं तिथं पाजणी करायची. उभ्या सुताचा ताणा मागावर चढवण्याआधी पन्नास हात लांब सरळ ताणायचा, त्याला खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी कुंच्यानं घासत जायचं. कडुलिंबाची सावली हवी, नाहीतर खळ भरभर वाळते आणि सूत तुटतं. गल्लीत हे जमत नाही, गल्लीला दोन वळणं आणि मधून नाली. पाजणी नाही तर माग बंद, आणि माग बंद तर खायचं काय? कोणत्या दिवशी कोणाची पाळी, हे मैनाबाई ठरवायची. म्हणून अर्जही तिच्याच नावानं होता. ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. एका सरकारी खात्याला तिथं गोदाम हवं होतं.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि तिसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. बघा नेम कसा धरतात! विश्वनाथ वकील नवा अर्ज घेऊन सुट्टीतल्या न्यायाधीशांकडे धावला, तर तारीख मिळाली जूनची. तोवर कडुलिंब आडवे झाले, विटा आल्या, डोक्याइतकी भिंत उभी राहिली, वर फुटक्या काचासुद्धा बसल्या.

जूनमध्ये न्यायाधीशसाहेबांनी कागद चाळले. भिंत झाली, आता थांबवायचं काय राहिलं? अर्जात अर्थ उरला नाही. मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं आणि वकील मागं वळला.

"मैनाबाई, जागा तुमच्या मालकीची आहे का, विचारताहेत."

अर्ज लिहितानाच वकिलानं हळूच सुचवलं होतं, सासऱ्याच्या ताब्यातली जागा म्हणून लिहू. मैनाबाई तेव्हाच उसळली होती. सगळ्यांच्या जागेला आपली म्हणायचं? मग उद्या पाळी कोणत्या तोंडानं वाटायची? आताही ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माही कशी असंन जी? सगळ्यायची हाय."

झालं! जागा तुमची नाही, तर तुमचं वेगळं नुकसान ते काय? प्रकरण काढून टाकलं. एवढ्या मोठ्या इमारतीत खरं बोलणारी एक बाई निघाली, आणि तिलाच दार दाखवलं. संताप येईल नाही तर काय येईल?

पटांगण गेलं, तरी पाळ्या ठरलेल्याच होत्या; बुधवारी पाळी मैनाबाईची होती. तिनं उजाडताच ताणा उचलला आणि त्या खात्याच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर ताणला. सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं, वर सावली. नवरा जागेश्वर मागं धावत आला.

"काहून वं, येडी झाली का?"

"कुंचा घेतला का तुमी?"

त्यानं एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि गपचूप दुसऱ्या बाजूला उभा राहिला. अर्धी खळ लागली असेल तेवढ्यात खात्याच्या साहेबाची जीप आली. भोंगा वाजला, शिव्या झाल्या. मैनाबाई हटली नाही. जीप ताण्यावरून गेली, महिन्याच्या कामाचं सूत मधोमध तुटलं, आणि पोलिसांनी धरलं कोणाला, तर मैनाबाईला. रहदारीला अडथळा!

आता गंमत बघा. हिच्या तक्रारीला सहा महिन्यांत कोर्ट सापडलं नाही, आणि हिच्यावरच्या तक्रारीला चौथ्या दिवशी सापडलं. लवकर आलात, उशिरा आलात, रस्ता कोणाच्या मालकीचा, कोणी काही विचारलं नाही. नाव, वय, नवऱ्याचं नाव, धंदा, सगळं भराभर लिहून घेतलं. मॅजिस्ट्रेट मराठीत बोलत होते.

"कबूल म्हणा," विश्वनाथ वकील कानाशी लागला. "ताकीद देऊन सोडतील. बारा वाजता घरी."

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाही."

"बाई, मग केस चालवावी लागेल. खात्याच्या साहेबांना साक्षीला बोलवावं लागेल. तुमचं म्हणणं लिहून घ्यावं लागेल. बऱ्याच तारखा पडतील."

मैनाबाईनं कठडा दोन्ही हातांनी धरला.

"मंग लिहा न जी! दोनदा फिर्याद घेऊन गेली तं कोनी ऐकलं नाही. आता आरोपी होऊन आली. बलवा त्या साहेबाले, अन् लिहा, पयलेपासून लिहा. मी कुठी नाही जात."