गरम पाय

मुलांनो, समजा तुम्हीच इरावती आहात. वय दहा. भर दुपारी तुम्ही पायरीवर बसला आहात आणि दाराला आतून कडी आहे. तुम्हाला बाहेर काढलंय तुमच्या आईनेच. का, ते सांगतो.

इरावतीची आई चित्रा रायपूरच्या सदर बाजारात, कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून साड्या दाखवायची. महिन्यापूर्वी तिचा डावा पाय सुजला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पाय उशीवर ठेवायला सांगितला. "पण हा पाय गरम लागला, लाल झाला, तर एक दिवसही थांबू नका, लगेच दवाखान्यात या," असंही बजावलं. शेजारी बसलेल्या इरावतीने ते वाक्य पाठच केलं.

घरात चित्राची मोठी जाऊ होती, यामिनीकाकू. स्पर्शाने ऊर्जा देऊन हातापायांची सूज उतरवायला ती तीन दिवसांच्या शिबिरात शिकली होती. तिच्या सांगण्यावरून चित्राने गोळ्या बंद केल्या. काकू रोज पायावर तळवे ठेवी, डोळे मिटे, मग मिठाच्या पाण्यात हात झटके. पहिल्या दिवशी सूज थोडी उतरली.

"पाय तासभर उशीवर होता ना, म्हणून," इरावती बोलून गेली.

काकू हसली. "ऐकलं काय चित्रा? तुझ्या पोट्टीले उशी दिसते, माझे हात नाही दिसत. अशी पनवती बाजूले बसली तर ऊर्जा कशी लागन?"

तेव्हापासून सूज वाढली की दोष इरावतीचा. काकूने आपल्या मुलाला, पुष्करला, तिच्याशी बोलू दिलं नाही. इरावतीचं ताट स्वयंपाकघराबाहेर गेलं. ते ताट आईच वाढायची.

आज काकूने पायावर हात ठेवला आणि ओरडली, "गरम लागून राहिला! ऊर्जा पोचली!" चित्राच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

इरावतीने दोन्ही पायांना हात लावून पाहिला. उजवा थंड होता. डावा लालबुंद, चटका बसेल असा. "आई, डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं!"

चित्राने तिच्या थोबाडीत मारली. "महिन्याभरानं गुण येऊन राहिला, तर तुले पाहवत नाही काय? चल, बाहेर हो!"

आता खिडकीतून आवाज येत होते.

"ताई, लय दुखते."

"दुखू दे. सूज निघून राहिली."

थोड्या वेळाने आई तुटक तुटक बोलली, "ताई... मले दम लागून राहिला."

"लागन. आतलं सगळं मोकळं होऊन राहिलं."

इरावतीने दार ठोठावलं.

"बस तिथंच, पनवती!" काकू ओरडली. "तुझ्यापायीच तर अडकून राहिलं सगळं."

बाबा दूर, शहराबाहेर सिलतराच्या कारखान्यात कामावर होते. समोर राहणाऱ्या नत्थू भैयाची जुनी ऑटो त्याच्या दारात उभी होती आणि तो आत जेवत होता. इरावती ऑटोत चढली. तिने रबरी भोंगा दोन्ही हातांनी दाबला. दाबतच राहिली. पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, दारं एकेक करून उघडली. काकू खिडकीतून शिव्या देऊ लागली. नत्थू भैया उष्ट्या हातानेच धावत आला.

"का होगे नोनी? छोड़ ना!" काय झालं पोरी, असं विचारत तो भोंगा सोडायला सांगू लागला.

इरावतीने एक हात काढून आपल्या बंद दाराकडे दाखवला. दुसऱ्या हाताने ती भोंगा दाबतच राहिली.