बिजागरीचा शब्द

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत ती सतरा वर्षं चादरींना इस्त्री करत होती. त्या वाफेत दिवसभर उभं राहिलं की माणसाला जागेपणीच झोप लागते. समोरून पांढरं कापड सरकत राहतं आणि हात आपोआप चालतात. धुतलेल्या चादरी ठेवायच्या कापडकोठीतलं बसून करायचं काम हवं, तर खात्याची परीक्षा द्यावी लागे. भाषेच्या पेपरात तिनं दोनदा आपटी खाल्ली होती. गाळलेल्या जागा आल्या की चारांतला सगळ्यांत भारदस्त शब्द बघायचा आणि डोळे मिटून त्यावर खूण करायची, ही तिची रीत.

तिसऱ्या खेपेला तिची थोरली नणंद मध्ये पडली. वन्सं टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. भिजून पत्ता पुसलेली पत्रं ज्या टेबलावर येतात, तिथे त्यांची अख्खी नोकरी गेली होती.

"अर्धा पत्ता वाहून गेलेला असायचा," दुपारी खिडकीशी बसून वन्सं म्हणाल्या, "तरी पत्र पोचायचं. उरलेलं अर्धं बोलत असतं ना! तू ते ऐकतच नाहीस. आधी पर्यायांवर हात ठेव बघू."

तिनं तळहात ठेवला आणि वाचलं, "वैद्यबुवांचा हात हलका होता, पण जीभ... टिंबटिंब... होती."

"'पण' दिसला? ती बिजागरी. वाक्य तिथे उलटं फिरतं. हात हलका, मग जीभ कशी?"

"झोंबणारी."

"आता हात काढ. तुझ्या शब्दाचा भाऊबंद शोध."

खाली होतं: मधुर, निष्णात, तिखट, चपळ.

"तिखट!" ती म्हणाली. मग ओशाळून हसली. "एरवी मी 'निष्णात' ठोकलं असतं, वन्सं."

"म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. बरं, पुढचं वाच."

महिनाभर हेच चाललं. 'म्हणून' आला की वाट सरळ, 'तरी' आला की वळण. लॉन्ड्रीत वाफ दाटली की तिला वाटे, चादरींवरून वाक्यंच सरकताहेत, मधेच कुठे एक भोक, आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसतोय.

परीक्षेचा दिवस उजाडला. पंखा संथ फिरत होता, खिडकीतून ऊन बाकावर आलं होतं. एकविसाव्या प्रश्नाशी ती अडली.

'ते गृहस्थ एरवी ____ होते. मुलीचा विषय निघाला की मात्र थांबता थांबत नसत.'

तळहाताखाली पर्याय झाकून तिनं स्वतःचा शब्द घातला: घुमे. तो घालताच तिला तिचे वडील दिसले. ओसरीवर तासन्‌तास गप्प बसलेले. तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशी मात्र सगळ्या गल्लीला थांबवून थांबवून सांगत सुटलेले. ऊन, ओसरी, वडिलांचा आवाज... किती वेळ गेला कोण जाणे. वर्गावर देखरेख करणाऱ्या बाईंनी "दहा मिनिटं राहिली" म्हटलं तेव्हा ती दचकली.

हात काढला. वाचाळ, उदार, मितभाषी, चपळ. 'घुमा' कुठेच नव्हता. वाचाळ तर साफ उलटा. उदार आणि चपळ यांचा बोलण्याशी संबंध काय? राहिला मितभाषी. 'मित' म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण 'भाषी'त बोलणं होतं. मोठा शब्द आहे म्हणून नव्हे, दुसरा कुणी त्या जागेत मावत नाही म्हणून तिनं त्यावर खूण केली.

घरी आल्यावर वन्संना विचारलं.

"मित म्हणजे मोजकं," वन्सं म्हणाल्या, आणि तिनं सुटकेचा असा श्वास सोडला की दोघींनाही हसू आलं.

दीड महिन्यानं यादी लागली. बारा जागा, तिचा नंबर अकरावा.

"अकरावी?" वन्सं चष्मा पुसत म्हणाल्या. "मग बारावा कोण गं, बिचारा?"

सोमवारी ती कापडकोठीत पहिल्यांदा खुर्चीवर बसली. चहूकडे घडीच्या चादरी छतापर्यंत रचलेल्या होत्या. इतकी शांतता होती की थोडा वेळ तिला काय करावं तेच सुचेना.