टिकलीखालचा हात

“बोंडाच्या गं काट्या, नको बोटाले डसू,
माह्या कापऱ्या हाताले, नको बाई तू हसू.”

आईचा हा आवाज मायानं भातकुलीच्या रानात ऐकला, तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. तिची आई, इंदूबाई, मजुरीनं कापूस वेचायची. उजवा हात कापायचा, म्हणून डावा तळवा ती उजव्या मनगटाखाली धरायची, वातीला आडोसा करावा तसा. शेजारच्या ओळीतल्या बाया चिडवायच्या, इंदे, कापूस येचतं का नाचवतं? आई म्हणायची, नाचू दे, सांडला का एक तरी?

आज, सकाळी अकरा वाजता, अकोल्यात जठारपेठेतल्या एका दुकानावरच्या खोलीत मायाला तो आवाज आठवला. समोरच्या पडद्यावर एक माणूस हरभऱ्यात कमरेपर्यंत रुतला होता.

तो सहदेव. बडनेऱ्याकडच्या एका डाळ मिलमधला हमाल. मिलमध्ये दुमजली उंचीची पत्र्याची कोठी होती. ओल धरली की तिच्या भिंतींना हरभऱ्याचा थर चिकटून बसे. पूर्वी माणसं सळई घेऊन आत उतरायची आणि थर फोडायची. एक माणूस वर आलाच नाही, तेव्हा मिलवाल्यांनी कोठीच्या छताला लोखंडी हात टांगला. तो हात इथून, जठारपेठेतून, पडद्यावर पाहत आणि समोरची दांडी हलवत माया चालवायची. संध्याकाळच्या पाळीला धर्मेंद्र.

लोखंडी हात एकच, पण चालवणारे दोन, म्हणून यंत्रानं आधी दोघांच्या हातांची ओळख करून घेतली होती. त्या ओळखीलाच ऑफिसात ‘हात’ म्हणत. मायाचा एक नंबर, धर्मेंद्राचा तीन. दोन नंबरवाला कधीच सोडून गेला होता. धर्मेंद्र दांडी अशी रेटायचा की यंत्र त्याचा जोर आवरून धरायचं आणि त्याच्या बारीकसारीक हालचाली चूक समजून गिळून टाकायचं. मायाचा हात हलका. तिनं नखभर हलवलं तर तिकडे लोखंड नखभर हलायचं. सहदेव तर नुसती चाल पाहून सांगायचा, आज मायाताई बसली आहे.

तीन महिन्यांपूर्वी मायाचा उजवा हात कापू लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग यंत्राला. प्रणाली, ऑफिसातली इंजिनिअर, शिकवताना सांगायची की यंत्राला तुमचाच हात दाखवा, कसाही असो. ते शिकून घेतं, पण दुसऱ्याचा दाखवला तर फसतं. मायाच्या ध्यानात मात्र भिंतीवरच्या नियमातली एकच ओळ राहिली होती. चालकाचा हात स्थिर असावा. तिनं धर्मेंद्राला विचारलं. तो हसला. घे माहा हात, म्हणाला, बायकोनं तर कधीचाच सोडून देला.

तीन नंबर लावला तशी तिची थरथर गिळली गेली. पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा दिसायचा, त्यावर तिनं कपाळाची टिकली काढून चिकटवली. पण थरथरीबरोबर बारीक कामही गिळलं गेलं. कोठीच्या कोपऱ्यांतले थर सुटेनात. ती तसेच सोडून द्यायची. सहदेव माइकवर विचारायचा, धर्माभाऊ, दोन्ही पाळ्या तूच करून राहिला का? मायाताई कुठं गेली? ती माइकचं बटण दाबायचीच नाही.

आज वैतागून तो स्वतःच सळई घेऊन आत उतरला. कोपऱ्यातला थर त्याच्या पायाखाली फुटला.

हरभरा खाली सरकून तो आणखी ओढला जाऊ नये म्हणून कोठीचं खालचं दार मिलवाल्यांनी बंद केलं होतं. दुसरं माणूस उतरवायची सोय नव्हती. त्याच्या वजनानं भिंतीवरचा सगळा थर अंगावर आला असता. आगीचा बंब वाटेत होता. तोवर लोखंडी हातानं सहदेवच्या काखेखालून दोराचा फास घालायचा, एवढाच उपाय होता. प्रणाली धावत येऊन मायाच्या मागे उभी राहिली. काम बदललं आहे, ढेकूळ नाही, माणूस आहे, असं म्हणत तिनं आपली किल्ली लावून यंत्राचा जोर निम्म्यावर आणला. मायाचाच हात लागलेला आहे असं धरून.

मायानं दांडी हलकेच पुढे केली. लोखंड जागचं हललं नाही. अजून थोडी केली. नाही. तिनं रेटली, आणि तिकडे आवरून धरलेला जोर एकदम सुटून लोखंड झेपावलं, पत्र्यावर आदळलं. भिंतीचा थर सुटला. धूळ बसली तेव्हा हरभरा सहदेवच्या छातीला लागला होता. श्वास सोडला की दाणे आत सरकत, पुन्हा घेताना जागा कमी पडे.

प्रणाली पुटपुटली की तुझ्या हाताला असं कधी होत नाही, झालं काय? हात बदलायचा तर काम चालू असताना प्रणालीचीच किल्ली लागणार होती, आणि किल्ली मागायची तर सांगावं लागणार होतं. सांगितलं की खुर्ची गेली. आणि कापता हात त्या माणसाच्या गळ्याजवळ न्यायचा कसा?

तेवढ्यात माइकमधून सहदेवचा आवाज आला, तुटक, दाण्यांखालून आल्यासारखा.

“धर्माभाऊले उठवा हो. मारून टाकन हा मले. मायाताईले बसवा. तिचा हात... हळू आहे.”

पडद्यावर एक दाणा घरंगळत त्याच्या हनुवटीपाशी थांबला.

मायानं नखानं टिकली काढली. खालचा तीन प्रणालीनं पाहिला. मायानं डावा तळवा उजव्या मनगटाखाली धरला, आणि पायाजवळचं माइकचं बटण दाबलं.

“मीच आहो, सहदेवदादा. माया. तीन महिन्यांपासून मीच बसून राहिली. माहा हात कापते, म्हून धर्माभाऊचा लावला होता. तू हलू नको, मी येऊन राहिली. प्रणाली, किल्ली लाव. माहा हात घे. कापते तसाच घे.”