दोरी बांधलेल्या सासूबाई

रेडिओवर हिमवादळाचा इशारा आला तेव्हा मी आणि माझ्या सासूबाई, आर्डिस, गाडीत होतो. पुढच्याच वळणावर गाडी घसरून चरात गेली. लांब शेतावर दिवा दिसत होता.

"मी चालत जाऊन कुणाला तरी आणते," मी म्हणाले.

"गप बस. दिवा दिसेनासा झाल्यावर कुठे जाशील?"

थोड्याच वेळात तो खरंच दिसेनासा झाला.

सत्तरीच्या सासूबाईंनी दोरीचं एक टोक कमरेला आणि दुसरं दाराला बांधलं. गाडीतला हीटर लावण्याआधी प्रत्येक वेळी त्या बाहेर जाऊन सायलेन्सरवरचा बर्फ उपसत, नाहीतर विषारी धूर आत कोंडला असता. मला पेंग आली की म्हणत, "झोपलीस तर तुझ्या केकबद्दल खरं बोलेन."

संध्याकाळी बर्फ हटवणारी गाडी आली. तोवर मी पोरीसारखी त्यांना बिलगून बसले होते.