आईच्या झग्याचं अस्तर

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. जुना म्हणजे दोनच वर्षांचा. पण अस्तर गमावलेला झगा लवकर म्हातारा होतो.

कॅनडात, कोक्विटलाममधल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर अनुयाच्या हातून माझा जन्म झाला. तिची लेक अवनी फ्रेंच शाळेत सहावीत होती. शाळेच्या नाटकात तिला जोनच्या आईचं, इझाबेलचं, काम मिळालं होतं. जोन म्हणजे चिलखत घालून लढलेली आणि शेवटी जिवंत जाळली गेलेली फ्रान्समधल्या खेड्यातली पोर. तिचं नाव जगाला ठाऊक आहे. पण जिने तिला सूत कातायला शिकवलं, लेक गेल्यावर म्हातारपणी धर्मगुरूंसमोर उभं राहून तिच्यासाठी न्याय मागितला, त्या आईचं नाव कोण घेतं? अनुयालाही ते माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तिचं शिलाई मशीन बराच वेळ थांबलं.

तपकिरी ब्लँकेटमधून मला बेतलं. लोकर अवनीच्या मानेला टोचेल, पुरळ उठेल, या धास्तीने अनुयाने लेकीच्या बारशाला नेसलेली केशरी साडी काढली आणि तिचं मला अस्तर लावलं.

"अगं, साडी काय कापतेस!" तिचा नवरा शंतनु म्हणाला.

"मग काय, पोरगी स्टेजवर खाजवत बसू दे?"

तालमींत शेवटचा प्रवेश आला, न्याय मागायचा, की माझ्या आत अवनी ताठ उभी राहायची. ते माझे सुखाचे दिवस.

मग जोन करणारी मुलगी सस्काटूनला राहायला गेली आणि जोन अवनीला मिळाली. आई करायला कुणी उरलं नाही. "नाटक लांबतंय, आईचा प्रवेश काढून टाकू," बाई म्हणाल्या. अवनीने मान डोलावली. चितेच्या ज्वाळांसाठी कापड हवं होतं. अवनीने मला उलटं केलं.

"यूज धिस. माय मॉम वोन्ट माइंड."

माझ्या अस्तरावर कात्री तिनेच चालवली. घरी मात्र जोन मिळाल्याचं तेवढं सांगितलं.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत खुंटीला होतो, आणि माझं अस्तर पंख्याच्या वाऱ्यावर अवनीच्या पायाशी फडफडत होतं. अनुयाने काठ ओळखला. तरी ती शंतनुला म्हणाली, "आता जोनची आई येईल. फोन काढ."

पडदा पडला.

गाडीत अवनीने विचारलं, "आई, वॉज आय गुड?"

"छान केलंस. आईचा सीन कुठे गेला गं?"

"इट वॉज बोअरिंग. सगळे फायर बघायला येतात."

"आणि साडी? विचारलं का नाहीस?"

"यू वुड हॅव सेड नो."

मी अनुयाच्या मांडीवर होतो, पोकळ.

मित्रांनो, आता मी बेसमेंटमध्ये असतो. एकच मागणं आहे. आईचं काही हवं असेल तर खुशाल घ्या, पण आधी विचारा. अनुया नाही म्हणाली नसती. चार शब्द ऐकवले असते, मग स्वतःच कात्री घेऊन बसली असती, आणि ज्वाळा अशा कापल्या असत्या की एक धागा सुटला नसता. लेकीने तिला तेवढंही करू दिलं नाही.