रस्ता गावाचा झाला

"हा अर्ज तुमचाच ना, शकुबाई?" बांधकाम खात्याच्या ऑफिसातल्या श्रीकृष्णबाबूंनी फाइल तिच्याकडे वळवली.

पहिली सही तिचीच होती. खाली बायकांचे निळे अंगठे, मध्येच फरहाना शिवणवालीची उर्दू सही. एकशे बारा नावं.

शकुबाई कन्याशाळेत शिपाई. एकोणीस वर्षं ती रोज दोन वेळा दारव्ह्याकडून येणाऱ्या ट्रकांपुढे हात पसरून उभी राहायची आणि पोरींना पलीकडे काढायची. शाळेसमोर गतिरोधक हवा, एवढंच तिचं मागणं. याच बाबूंनी मागच्या हिवाळ्यात सांगितलं होतं की, राज्य महामार्गावर गतिरोधक बसत नाही. रस्ता नगरपरिषदेचा झाला तर बसेल, तसा अर्ज करा. मजकूरही त्यांचाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महादेवाच्या देवळात तिने अंगठे घेतले. पोरींसाठी आहे म्हणाली. कुणी दुसरा प्रश्न केला नाही.

मग चैत्रात कोर्टाच्या हुकमाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली. या रस्त्यावरची तिन्ही. यंदा कापसाला भाव नव्हता, हाताला काम नव्हतं. तरी चार महिने वस्तीत संध्याकाळी भांडी आपटल्याचा आवाज आला नाही.

आज श्रावणी सोमवार. सकाळी तिन्ही शटर उघडी दिसली. एकाला तर झेंडूचं तोरण. शकुबाई उपाशीपोटी तशीच ऑफिसात आली होती.

बाबूंनी शांतपणे समजावलं. साडेतीन किलोमीटरचा तुकडा महामार्गातून वगळून नगरपरिषदेकडे दिला. महामार्गच नाही, तर बंदी कसली? कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : नागरिकांची मागणी.

"अन् गतिरोधक?"

"ते आता नगरपरिषद पाहील. निधी आला म्हंजे."

"माह्यं नाव कापा त्याच्यातून."

मंजूर कागदातलं नाव कापता येत नाही, असं म्हणून बाबू हसले. चहा सांगू का म्हणाले.

शकुबाईचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता. आताही चढला नाही. "देवळात बसून घेतलेले आंगठे होते ते, बाबू. तुमी ते बाटलीच्या बुचाले लावले. दुकानवाल्यायचा अर्ज माह्या हातून करून घेतला. हुकूम येनार हे तवाच ठाऊक होतं ना तुमाले?"

बाबू फाइलची नाडी बांधू लागले. गाठ काही बसेना.

"बायको असन घरी. आज जेवताना तिले सांगा हे."

शाळेत निरोप धाडून तिने अर्धी रजा टाकली आणि वस्तीत शिरली. बायकांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगायचं. सहा घरी सांगून झालं. कुणी रडलं, कुणी बाबूच्या सात पिढ्या काढल्या.

सातवं घर रुखमाबाईचं. तिचा नवरा धुतलेला सदरा घालून नुकताच बाहेर पडला होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुले वाचता येते, शकू," ती शेवटी म्हणाली, "म्हनून आमी आंगठे देल्ले."

दार लागलं. आतून कडी सरकली.

शकुबाई डोक्यावरचा पदर नीट करून शेजारच्या दारापाशी गेली, चपला काढल्या आणि हाक दिली.